गॅरेजच्या कोब्याला दहा भोकं

गाडी उचलायची लिफ्ट घ्यायचं खरं कारण माझा चष्मा. घरात मी पाठीचं कारण सांगितलं, कारण पाठदुखीला आमच्याकडे वजन आहे. चष्म्यासाठी अडीच हजार डॉलर कुणी मंजूर करत नाही.

त्याचं असं आहे. माझ्याकडे २००६ ची होंडा अकॉर्ड आहे, पाच गिअरची, हाताने बदलायचे. डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत आम्ही राहतो, तिथे आमच्या गल्लीत हाताने गिअर टाकणारा मी एकटाच. तिचं ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन सगळं मीच करतो. जॅकने उचलायची, चार स्टँडवर ठेवायची, पुठ्ठा अंथरून खाली सरकायचं, असं पंधरा वर्षं चाललं. मग चाळिशी लागली, आणि पन्नाशीच्या तोंडावर डॉक्टरने वर लांबचं आणि खाली जवळचं दिसणारा चष्मा दिला. आता गाडीखाली उताणं पडलं की बघायची वस्तू नाकापासून वीतभर. जवळचं बघायचं तर भिंगाच्या खालच्या भागातून बघायचं, म्हणजे डोकं मागे न्यायचं, आणि मागे कोबा. एकदा ड्रेन प्लगचा वॉशर शोधत दहा मिनिटं चाचपडत होतो. तो माझ्या छातीवर होता.

ऑक्टोबरात अण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आले. परभणीच्या एसटी आगारात त्यांचा जन्म गेला. मला पुठ्ठ्यावर पडलेला पाहून ते गॅरेजच्या दारात थांबले, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "आमच्याकडं पिट होता." म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा.

बस. एवढंच. पण ज्या सुरात ते बोलले तो सूर मी दहावीच्या गणिताच्या मार्कांपासून ओळखतो.

लिफ्टचे प्रकार फार सांगत बसत नाही. मोठी दोन खांबी लिफ्ट आमच्या गॅरेजच्या छतात मावत नाही. जमिनीवर नुसत्या ठेवायच्या दोन चौकटींची असते, तिला भोकं पाडावी लागत नाहीत, पण ती गाडी दीडेक फूट उचलते, म्हणजे माझ्या नाकाचा आणि चष्म्याचा प्रश्न तसाच. मधली एक असते: छातीएवढे दोन खांब, प्रत्येकाच्या तळपट्टीला पाच बोल्ट. काम झालं की बोल्ट काढायचे, खांब चाकांवर ढकलून भिंतीला लावायचे. जमिनीत उरतात फक्त दहा भोकं, त्यांच्या आत फुगून बसलेली लोखंडी नळकांडी आणि वर झाकणं. मला हे हवं होतं, कारण दोन गाड्यांच्या गॅरेजमधली अर्धी जागा बायकोच्या ओडिसी गाडीची, आणि उरलेल्या अर्ध्यातली अर्धी गणपतीच्या मखराची, दिवाळीच्या कंदिलांची आणि २०११ साली घेतलेल्या ट्रेडमिलची.

लिफ्टवाल्याच्या पुस्तकात जमिनीच्या अटी होत्या. काँक्रीट सव्वाचार इंच जाड हवं, ३००० पीएसआय ताकदीचं, म्हणजे दर चौरस इंचाला ३००० पौंड दाब सोसणारं हवं, भेग आणि जोड यांपासून खांब लांब हवेत. मी म्हटलं, आपलं गॅरेज आहे, गाड्या उभ्या राहतात, चालेल. खांबांच्या जागा आखायला ट्रेडमिल बाजूला ओढली, झाडू मारला, आणि दाराजवळच्या कोब्यात उठवलेली अक्षरं दिसली. ओल्या काँक्रीटवर शिक्का दाबून काढलेली. 'पोस्ट टेन्शन स्लॅब. डू नॉट कट ऑर ड्रिल.'

चौदा वर्षं या घरात राहतोय. या अक्षरांवर मी रोज गाडी चढवत होतो.

अण्णा वाकून बघत म्हणाले, "हे कामून लिहिलंय?"

मग मला त्यांना सांगावं लागलं, आणि त्याआधी स्वतः समजून घ्यावं लागलं. आमच्या घराखाली पाया म्हणजे एकच सलग स्लॅब आहे, आणि त्या स्लॅबच्या पोटातून उभ्या-आडव्या पोलादी केबल गेल्या आहेत. सात तारांचा पीळ, अर्धा इंच जाडी, वर ग्रीस, त्यावर प्लास्टिकची नळी. काँक्रीट ओतायच्या आधी त्या नुसत्या अंथरतात. ते घट्ट झाल्यावर, काही दिवसांनी, टोकं जॅकने ओढतात आणि कडेला पाचरीत अडकवून टाकतात. एकेका केबलमध्ये ३३,००० पौंडांचा ताण भरतात, म्हणजे जवळजवळ पंधरा टन. त्यातला थोडा नंतर कमी होतो, बाकीचा कायम राहतो. आपण वर चहा पितो, खाली टनावारी ताणाने घर आवळून धरलेलं असतं. त्यातल्या एखाद्या केबलवर ड्रिलचं टोक बसलं आणि ती तुटली, तर तो ताण मिळेल त्या वाटेने बाहेर पडतो. केबल स्लॅबच्या कडेतून बाहेर उसळते, कधी वरचा कोबा फोडून.

अण्णांना हे समजावायला मी कागदावर बाणबिण काढत होतो. त्यांनी कागद बाजूला सारला. "धाव रे. चाकाची धाव."

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ती आधी तापवून लाल करतात, फुगलेली असतानाच लाकडावर बसवतात, आणि वरून पाणी मारतात. गार होताना ती आकसते आणि आरे, तुंबा, पाटे सगळं एकमेकांत आवळून धरते. चाकाला वजन सोसायच्या आधीच दाब दिलेला असतो, म्हणून ते खिळखिळं होत नाही. काँक्रीटला दाब चालतो, ताण चालत नाही, म्हणून आधीच दाबून ठेवायचं. युजीन फ्रेसिने या फ्रेंच इंजिनिअरने १९२८ मध्ये याचं पेटंट घेतलं. अण्णांच्या मते त्याने कुठंतरी बैलगाडी पाहिली असणार.

आता प्रश्न असा की साध्या दोन मजली घराला एवढा उपद्व्याप कशाला? त्याचं उत्तर अंगणात आहे, आणि खरं सांगायचं तर मी हे लिहायला बसलो ते लिफ्टपेक्षा या उत्तरासाठी.

इथली माती काळी आहे. ओकलाहोमाच्या हद्दीपासून सॅन अँटोनियोपर्यंत जो काळ्या मातीचा पट्टा उतरतो त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, आणि प्लेनो त्याच्यात आहे. पाऊस पडला की ही माती फुगते, बुटाला दोन-दोन किलो चिकटते. ऑगस्टात पारा ४० च्या वर गेला की आकसते आणि भेगाळते. आमच्या कुंपणाशी मी भेगेत पूर्ण स्क्रूड्रायव्हर घातलाय, मुठीपर्यंत. मृदाशास्त्रवाले हिला व्हर्टिसॉल म्हणतात. आणि ते मराठवाड्यातल्या आमच्या रेगुरलाही व्हर्टिसॉलच म्हणतात. भेगांतून वरची माती खाली पडते, पाऊस आला की खालची वर येते. काळं रान आपणच आपली नांगरट करतं असं आजोबा म्हणायचे, ते हेच. तेरा-चौदा हजार किलोमीटर लांब येऊन, तीस वर्षांचं कर्ज काढून, मी पुन्हा काळ्यातच घर घेतलं होतं.

परभणीत घर बांधताना काळी खोदून काढतात, मुरूम भरतात, धुमस करतात, मग पाया. तरी भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जातेच. इथे काळी तशीच ठेवतात आणि वर केबलने आवळलेला तराफा टाकतात. माती फुगू दे, आकसू दे, तराफा एकसंध राहील. शिवाय उन्हाळ्यात घराच्या चारी बाजूंनी पाझरणारी नळी टाकून मातीला पाणी द्यायचं, म्हणजे कडेची माती आकसून पाया सैल पडू नये. अण्णा मागे एकदा जुलैत आले होते तेव्हा त्यांनी हे पाहिलं होतं. "घराला पाणी पाजायलास होय रे?" म्हणाले. त्यांनी परत गेल्यावर अख्ख्या गल्लीला ते सांगितलं. अजून कुणाचाही फोन आला की विचारतात, घर किती वाढलं?

असो. लिफ्टचं खोकं आलेलं होतं, परत पाठवायचं भाडंच चारशे डॉलर होतं, आणि जमिनीवर 'भोक पाडू नका' असं लिहिलेलं होतं. इथल्या मराठी मंडळात ओळखीचा एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. त्याला जेवायला बोलावलं. त्याने आधी पुरणपोळ्या संपवल्या, मग म्हणाला, नको करूस. मी गप्प राहिलो. मग म्हणाला, करणारच असशील तर स्कॅन केल्याशिवाय नाही, खुणा मला दाखवल्याशिवाय नाही, आणि कुठल्याही केबलच्या जवळपास नाही. कुणी हे वाचून ड्रिल उचलणार असेल तर त्याने माझं नाही, त्याचं ऐकावं.

स्कॅनवाला पंचविशीचा पोरगा, बरोबर चार चाकांची एक पेटी, लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाडीएवढी. ती जमिनीवरून पुढे-मागे ढकलायची. ती खाली रेडिओ लहरी सोडते, पोलादावरून त्या परत येतात. पडद्यावर करड्या रेघा सरकत होत्या आणि मधेच एक कमान उमटायची, खाली वळलेल्या मिशीसारखी. मिशी दिसली की थांबायचं, लाल खडूने खूण करायची. हातभर सरकायचं, पुन्हा मिशी, पुन्हा खूण. खुणा जोडल्या की रेघ. तासाभरात कोब्यावर लाल चौकटी तयार झाल्या, कुणी लंगडीचा पट आखावा तशा. जाडी त्याने साडेचार ते पाच इंच सांगितली. आणि मी ज्या ठिकाणी डावा खांब निळ्या टेपने आखून ठेवला होता, त्याच्या बाहेरच्या एका भोकाखालून एक रेघ आडवी गेली होती.

ही बाहेरची भोकंच महत्त्वाची. गाडीचं वजन खांबांच्या आतल्या बाजूला लोंबतं, त्यामुळे खांब आत झुकायला बघतो. तळपट्टीची आतली कड जमिनीला दाबते आणि बाहेरची उपटायला बघते. सगळी उपट बाहेरच्या बोल्टांवर. नेमका तिथेच मी केबल भोसकणार होतो.

दोन्ही खांब चौदा इंच दाराकडे सरकवले. इंजिनिअरला फोटो पाठवले, त्याने अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं, आणि खाली लिहिलं, 'हे पुरणपोळीचं, परवानगीचं नाही.' दुसऱ्या दिवशी मात्र टेप घेऊन स्वतः आला, मोजलं, आणि हो म्हणाला.

चौदा इंच सरकल्यावर दुसरं झंझट निघालं. अकॉर्डची शेपटी आणि गॅरेजचं दार यांच्यात चारच बोटं उरतात. दार उघडं ठेवावं म्हटलं तर उघडलेलं दार छताखाली आडवं येऊन लोंबतं, गाडी वर जाईल ती त्यात. म्हणजे दार बंद करूनच उचलायची, आणि तरी वर दार ओढणाऱ्या मोटरची पट्टी आहेच. त्यावर लेकीने उपाय काढला. तिच्या भरतनाट्यमच्या घुंगरांतलं एक सुटलेलं होतं, ते दोऱ्याने पट्टीखाली वीतभर लोंबत ठेवलं. टपाचा धक्का लागून घुंगरू वाजलं की थांबायचं. लिफ्टवाल्याच्या पुस्तकात असलं काही नाही.

ड्रिलिंगचा शनिवार. रोटरी हॅमर भाड्याने आणला, मोठा, दोन हातांनी धरायचा. अण्णांना मास्क, कानाला बोळे, खुर्ची देऊन लांब बसवलं. पाचव्या मिनिटाला ते व्हॅक्यूमची नळी धरून माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. ड्रिलच्या टोकावर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळली होती. आरपार जायचं नाही, कारण खाली प्लास्टिकचा कागद आहे, तो फाटला तर ओल वर येते. भोक सरळच हवं, तिरकं गेलं की नळकांडं एका अंगाने धरतं. काँक्रीटची भुकटी मैद्यासारखी उडत होती आणि दातांखाली येत होती. दर भोकाला मी खडूच्या रेघेकडे एकदा बघायचो आणि छातीत धडधडायचं. रेघ हातभर लांब होती. तरी.

दहापैकी नऊ भोकं गुणाने वागली. तळपट्टी ठेवायची, भोकात नळकांडं सोडायचं, बोल्ट पिळायचा. बोल्ट शंकूला वर ओढतो, शंकू नळकांड्याला फुगवतो, आणि ठरलेला जोर आला की टॉर्क पाना हातात 'टक्' करतो. आठवं भोक 'टक्' करेना. बोल्ट नुसता फिरत राहिला, डबीत खडा फिरावा तसा. मी अजून जोर लावत होतो. अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "भुकटी राहिली आत. बाहेर काढ."

काढलं. आत बोट घातलं तर भिंतीवर पिठाचा थर. व्हॅक्यूमने वरवरचं जातं, चिकटलेलं जात नाही. ब्रश आणायला दुकानात जायच्या ऐवजी मी स्वयंपाकघरातून बाटल्या धुवायचा ब्रश आणला, ही माझी चूक, आणि ती अजून काढली जाते. ब्रश फिरवायचा, हवा मारायची, ओढून घ्यायचं, असं तीनदा. मग नवीन नळकांडं. सातव्या-आठव्या फेऱ्याला बोल्ट जड झाला, आणखी पिळला, आणि 'टक्'. अण्णांनी तो आवाज पुन्हा ऐकायला लावला.

खांब ओळंब्यात आहेत का हे बघायला माझ्याकडे लेझर होता. गॅरेजच्या जमिनीला पाणी जावं म्हणून दाराकडे उतार असतो, त्यामुळे खांब पुढे झुकत होते. मी लेझर सुरू करून भिंतीवर लाल ठिपका शोधत होतो, तोवर अण्णांनी शिवणाच्या डब्यातला दोरा आणला, त्याला एक जाडा नट बांधला, खांबाच्या डोक्याशी धरला आणि एक डोळा मिटला. "दोन सूत पुढं." दाराकडच्या कडेखाली पत्र्याच्या पाचरी सारल्या. "आता एक." अजून एक पाचर. नंतर लेझरने बघितलं. बरोबर होतं, पण मी ते त्यांना सांगितलं नाही. अपमान झाला असता.

एक रात्र मधे जाऊ दिली, सकाळी सगळे बोल्ट पुन्हा तपासले. दोन थोडे पुढे गेले. मग तेलाच्या नळ्या जोडल्या. पंप ढकलगाडीवर असतो, घरातल्या साध्या प्लगवर चालतो. पहिल्यांदा रिकामीच वर घेतली तर उजवी बाजू झटके देत पुढे आणि डावी तीन इंच मागे. नळ्यांत हवा होती. पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली केल्यावर हवा गेली आणि दोन्ही जोडीने चढायला लागल्या.

आणि मग अकॉर्ड. गाडीच्या दारांखालच्या पत्र्याच्या शिवणीत जिथे खाचा आहेत तिथे लिफ्टच्या चारी हातांचे रबर लावले. अर्धा फूट उचलली आणि थांबलो. बंपरला धरून हलवली, मग अण्णांनी हलवली, मग मी पुन्हा. हलली नाही. बायको घरातल्या दारात हाताची घडी घालून उभी. बटण दाबलं. खट्, खट्, दोन्ही खांबांतली कुलपं एकेक दात चढत होती. टप पट्टीकडे जाताना मी श्वास धरला होता. घुंगरू वाजलं. लेक ओरडली, "स्टॉप!" कुलपावर उतरवून ठेवली आणि पंपाची वायर काढून टाकली.

खाली उभं राहता येत नाही, पिटासारखं नाही. चाकांच्या स्टुलावर बसायचं. स्टूल अण्णांनी घेतलं, मी उलट्या बादलीवर. पंधरा वर्षं मी जी गाडी वीतभर अंतरावरून तुकड्यातुकड्यात पाहिली होती ती पहिल्यांदा एकदम अख्खी दिसली. एक्झॉस्ट कुठून कुठे जातो, गंज कुठे धरलाय, मागच्या वर्षी मी बदललेला बुश किती नवा दिसतोय. इंजिनाखाली ओला डाग होता, जुनाच. त्याच्यापायी मी दोन वर्षांत वरचा गॅस्केट बदलला होता, ऑइल फिल्टरची जागा घासली होती, वेगळं ऑइल वापरून बघितलं होतं.

अण्णांनी डागाला बोट लावलं. अंगठ्यावर चोळलं. वास घेतला. मग बोट वर नेत नेत, ओल जिथून सुरू होते तिथपर्यंत गेले, एका नळीच्या सांध्यापाशी.

"हे इंजिनचं नव्हं. स्टिअरिंगचं आहे."

मी काहीच बोललो नाही.

"दहाचा पाना दे. ही पकड सैल आहे."

मी डब्यातून काढून दिला. त्यांनी नटाला लावून बघितला, काढला, उजेडात धरला.

"चष्मा लाव," म्हणाले. "हा बाराचा आहे."